दुभाषी संत : वसईचे गोन्सालो गार्सिया

ख्रिस्तसभेच्या जागतिक पंचांगात ६ फेब्रुवारीच्या दिवसापुढे ‘संत पॉल मिकी व सहकारी, रक्तसाक्षी’ असे शब्द छापलेले असतात. त्या ‘सहकारी’ या एका शब्दात पंचवीस जीव सामावलेले आहेत. त्यांत स्पेनचे धर्मगुरू आहेत, मेक्सिकोचा एक तरुण आहे, जपानचे सुतार, स्वयंपाकी व वैद्य आहेत, बारा-तेरा वर्षांची मुले आहेत. आणि त्यांतच आपल्या वसईचा एक सुपुत्र आहे. जगाच्या दृष्टीने तो ‘सहकारी’ असला तरी वसईच्या भाविकांच्या तोंडी मात्र त्याचे नाव सर्वांआधी येते : संत गोन्सालो गार्सिया. भारतभूमीत जन्म घेऊन संतपदाला पोहोचलेले ते पहिले.

त्यांच्या चरित्रातील ठळक घटना आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो आहोत. वसईत जन्म, जपानात क्रूसावर मरण, रोममध्ये संतपद, एवढी त्रिस्थळी यात्रा बहुतेकांना पाठ असते. परंतु जन्म आणि मरण यांच्यामध्ये जी चाळीस वर्षे गेली, त्यांत या माणसाने नेमके काय केले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. ते धर्मगुरू नव्हते. त्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत, कोणताही संघ स्थापन केला नाही. देवाने त्यांना एक देणगी दिली होती, ती जिभेची. परक्यांची भाषा आपलीशी करून एका माणसाचे बोलणे दुसऱ्या माणसाच्या हृदयापर्यंत पोहोचवणे, हेच त्यांचे जीवितकार्य झाले आणि त्याच कार्याने त्यांना क्रूसापर्यंत नेले. या दृष्टीने त्यांचे चरित्र पुन्हा एकदा वाचण्यासारखे आहे.

वसईचे बंदर आणि जपानची वाट

गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली आणि पुढील दोनशे वर्षे हे नगर ‘उत्तर प्रांता’ची राजधानी म्हणून गजबजले. किल्ल्याच्या तटाआड फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन अशा संघांचे मठ उभे राहिले. संत फ्रान्सिस झेवियर १५४४ साली व पुन्हा १५४८ साली वसईस येऊन गेले. त्यानंतर १५४९ साली ते जपानच्या किनाऱ्यावर उतरले आणि पूर्वेच्या त्या दूरच्या द्वीपसमूहाशी सुवार्तेचे नाते जोडले गेले.

अशा या नगरात १५५६-५७ च्या सुमारास गोन्सालोंचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई याच मातीतील. म्हणजे घरातच दोन जगे नांदत होती. वडिलांच्या भाषेत राज्यकारभार व चर्चचा व्यवहार चाले, तर आईच्या भाषेत चूल, अंगण आणि अंगाई. ज्या मुलाला बालपणापासून एका उंबरठ्यावरून दुसऱ्या उंबरठ्यावर शब्द वाहून न्यावे लागतात, त्याला भाषेचे भय वाटत नाही. गोन्सालोंच्या पुढील आयुष्याची बीजे या घरातच पडली असे मानण्यास जागा आहे.

त्यांचे शिक्षण किल्ल्यातील जेझुइट गुरूंच्या हाताखाली झाले. त्यांपैकी फादर सेबास्तियन गोन्साल्विस यांचा या मुलावर विशेष लोभ होता. १५७२ साली, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, गोन्सालो जेझुइट मिशनऱ्यांबरोबर जपानला गेले. त्या काळी असा प्रवास म्हणजे जवळजवळ कायमचा निरोप असे. वसईच्या खाडीतून निघालेले गलबत दिसेनासे होताना किनाऱ्यावर उभ्या असलेल्या आईच्या मनात काय आले असेल, याची कल्पना आज ज्यांची मुले आखाती देशांत, कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात गेली आहेत अशा आपल्या मातांना सहज करता येईल.

जपानी भाषा त्यांनी अल्पावधीत आत्मसात केली. सुमारे आठ वर्षे त्यांनी जेझुइटांच्या मिशनमध्ये धर्मशिक्षक व सहायक म्हणून सेवा केली. मुलांशी त्यांचे विशेष जमत असे. जपानी भाषेत समोरच्याच्या वयाप्रमाणे आणि मानाप्रमाणे क्रियापदाचे रूप पालटते. केवळ शब्द पाठ करून ती येत नाही, त्या लोकांत राहून, त्यांच्या रीतीभाती समजून घेऊनच ती येते. आपल्याकडेही ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतील अंतर कोणा परक्याला पुस्तकातून पुरते उमगत नाही. वसईच्या या तरुणाला ते तेथे उमगले.

येथे एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. याच काळात, १५७९ साली, फादर थॉमस स्टीफन्स नावाचे एक इंग्रज जेझुइट गोव्यास आले. त्यांनी आपली भाषा शिकून घेतली आणि पुढे १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून प्रसिद्ध झाले. इंग्लंडचा एक माणूस मराठीत ख्रिस्तकथा सांगण्यासाठी गोव्याकडे येत होता, तेव्हा वसईचा एक माणूस जपानी भाषेत तीच कथा सांगत होता. स्टीफन्स यांची वाणी ग्रंथात राहिली. गोन्सालोंची वाणी ज्यांनी ऐकली त्यांच्या जीवनात राहिली.

नाकारलेला आणि स्वीकारलेला

गोन्सालोंची उत्कट इच्छा होती ती जेझुइट संघात प्रवेश मिळावा ही. ती इच्छा पूर्ण झाली नाही. निराश मनाने त्यांनी मिशनचे घर सोडले आणि ते व्यापारात पडले. भाषा येत होती, माणसे ओळखीची होती, स्वभाव सरळ होता, त्यामुळे पूर्वेकडील बंदरांतून त्यांचा व्यापार चांगला वाढला. लौकिक अर्थाने ते यशस्वी झाले. परंतु ज्याच्या मनात एकदा वेदीवरची मेणबत्ती लागली, त्याला दुकानातल्या समईने समाधान मिळत नाही.

व्यापाराच्या निमित्ताने ते फिलिपिन्समध्ये मनिला येथे आले आणि तेथील फ्रान्सिस्कन बंधूंच्या सहवासात त्यांना आपले घर सापडले. मिळवलेली संपत्ती मागे ठेवून त्यांनी संत फ्रान्सिसचा झगा अंगावर चढवला. ते धर्मगुरू झाले नाहीत. त्यांनी व्रतस्थ बंधू, म्हणजे मठातील सेवक, ही सर्वांत खालची पायरी स्वीकारली. मनिलात त्यांनी कुष्ठरोग्यांची सेवा केली.

पुढे घडलेली एक गोष्ट ईश्वरी योजनेची साक्ष देते. ज्या संघाने त्यांना दार उघडले नाही, त्याच संघाचे पॉल मिकी, जॉन सोआन व जेम्स किसाई हे तिघे जपानी सदस्य अखेरच्या दिवशी गोन्सालोंच्याच रांगेत क्रूसावर होते. पृथ्वीवर बंद राहिलेले दार नागासाकीच्या टेकडीवर उघडले.

हिदेयोशीपुढे

जपानवर त्या वेळी तोयोतोमी हिदेयोशीची सत्ता होती. सामान्य कुळातून वर आलेला हा पराक्रमी, पण संशयी पुरुष. त्याने १५८७ साली परदेशी मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता, परंतु व्यापारावर परिणाम होऊ नये म्हणून त्याची अंमलबजावणी कडकपणे केली नव्हती. पुढे त्याने मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरकडे फिलिपिन्सने आपले स्वामित्व मान्य करावे अशी मागणी पाठवली. तिला उत्तर म्हणून १५९३ साली फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाउतिस्ता यांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ जपानला गेले. त्याचे दुभाषी होते ब्रदर गोन्सालो गार्सिया.

दुभाष्याचे काम दिसते तितके सोपे नसते. एका बाजूला शरणागती मागणारा सत्ताधीश, दुसऱ्या बाजूला केवळ मैत्रीचा प्रस्ताव घेऊन आलेला अनवाणी संन्यासी. एक शब्द अधिक कडक झाला तर युद्ध, एक शब्द अधिक नरम झाला तर स्वामित्वाची कबुली. या दोन धारांवरून वसईच्या या बंधूला चालावे लागले. भेट निर्विघ्न पार पडली. शिष्टमंडळाला देशात राहण्याची परवानगी मिळाली, इतकेच नव्हे तर राजधानी क्योतोमध्ये मठासाठी जागाही मिळाली. १५९४ साली तेथे चर्च उभे राहिले. शेजारी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये सुरू झाली. स्पेनहून आलेल्या बंधूंना जपानी भाषा नवखी होती. रुग्णाची वेदना त्यांना समजावून सांगणारा आणि त्यांचा दिलासा रुग्णापर्यंत पोहोचवणारा आवाज गोन्सालोंचा होता.

मग १५९६ साली संकट कोसळले. मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले ‘सान फेलिपे’ नावाचे मोठे स्पॅनिश गलबत वादळात सापडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागले. त्यावरील मौल्यवान माल जप्त झाला. त्या प्रसंगी गलबताच्या सुकाणूधराने, आमचा राजा आधी धर्मगुरू पाठवतो व मागाहून सैन्य, अशी बढाई मारली असे सांगितले जाते. ते शब्द हिदेयोशीच्या कानी गेले. तीन वर्षांहून अधिक काळ ज्या शब्दांचा तोल गोन्सालोंनी जिवापाड सांभाळला, तो कोणाच्या तरी बेजबाबदार शब्दांनी एका दिवसात ढळला. डिसेंबरमध्ये क्योतो व ओसाका येथील मठांना पहारे बसले.

नागासाकीची वाट

३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोमध्ये चोवीस बंदिवानांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. मूळ हुकूम दोन्ही कान व नाक कापण्याचा होता, अधिकाऱ्यांनी तो सौम्य केला. त्यानंतर बैलगाड्यांतून त्यांची धिंड काढण्यात आली आणि मग भर हिवाळ्यात नागासाकीपर्यंतचा सुमारे आठशे किलोमीटरचा प्रवास सुरू झाला. वाटेत त्यांची सेवा करणारे दोन ख्रिस्ती पुरुषही बंदिवान झाले आणि संख्या सव्वीस झाली : सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट आणि सतरा जपानी प्रापंचिक. त्यांत बारा वर्षांचा लुई इबाराकी होता, तेरा वर्षांचा अंतोनिओ होता.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस एका रांगेत तयार होते. जपानमधील या शिक्षेत खिळे ठोकत नसत. मान, हात व पाय लोखंडी कड्यांनी जखडत आणि शेवटी दोन्ही बाजूंनी भाले खुपसत. पॉल मिकी यांनी क्रूसावरून जमलेल्या लोकांना अखेरचे प्रवचन दिले. कोणी स्तोत्रे गात होते, कोणी देवाचे आभार मानत होते. ब्रदर गोन्सालोंविषयी जो वृत्तान्त ख्रिस्तसभा दरवर्षी ६ फेब्रुवारीच्या प्रार्थनाविधीत वाचते, त्यात एवढेच म्हटले आहे की ते मोठ्या आवाजात पुन्हा पुन्हा प्रभूची प्रार्थना आणि नमो मरिया म्हणत होते.

मला हा तपशील त्यांच्या साऱ्या चरित्राचा कळस वाटतो. आयुष्यभर या माणसाने दुसऱ्यांचे शब्द वाहिले. गुरूंचे शब्द शिष्यांपर्यंत नेले, राजदूताचे शब्द राज्यकर्त्यापर्यंत नेले, वैद्याचे शब्द रुग्णापर्यंत नेले. दुभाष्याला स्वतःचे असे बोलणे नसते. क्रूसावर मात्र कोणाचे भाषांतर करायचे उरले नव्हते. तेव्हा त्यांच्या ओठांवर जे आले ते प्रवचन नव्हते, युक्तिवाद नव्हता. वसईतल्या ख्रिस्ती घरात मूल बोलू लागले की त्याला ज्या दोन प्रार्थना सर्वांत आधी शिकवतात, त्याच त्या दोन. चाळीस वर्षांचा प्रवास करून तो मुलगा पुन्हा आईपाशी येऊन पोहोचला.

स्मृती आणि विस्मृती

पोप आठवे अर्बन यांनी १६२७ साली या फ्रान्सिस्कन रक्तसाक्षींना ‘धन्य’ घोषित केले आणि वसईत आपल्या नगरीच्या या पुत्राची भक्ती रुजली. परंतु १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या सैन्याने दीर्घ वेढ्यानंतर वसईचा किल्ला जिंकला. पोर्तुगीज निघून गेले, किल्ल्यातील मठ ओस पडले, वेदींवर वेली चढल्या. किल्ल्याबाहेरच्या गावांतून आपल्या पूर्वजांनी श्रद्धा टिकवून धरली, हा त्यांचा मोठा पराक्रम होय. पण गोन्सालोंची स्मृती मात्र क्षीण होत गेली. ती किल्ल्यातील मठाशी बांधलेली होती, घरातल्या प्रार्थनेशी नव्हती. म्हणून मठ पडला तशी तीही पडली.

याच्या उलट जपानकडे पाहावे. तेथे १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर संपूर्ण बंदी आली आणि पुढे दोनशेहून अधिक वर्षे त्या देशात एकही धर्मगुरू उघडपणे वावरू शकला नाही. चर्च नव्हते, मिस्सा नव्हती. पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी या सव्वीस जणांना संतपद बहाल केले. त्यानंतर थोड्याच काळात परदेशी रहिवाशांसाठी नागासाकीत ओउरा येथे त्या संतांच्या नावाने चर्च बांधण्यात आले. १७ मार्च १८६५ रोजी जवळच्या उराकामी गावातील काही माणसे तेथे आली आणि आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे, असे त्यांनी फादर पेतिजाँ यांना हळूच सांगितले. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घराच्या आतल्या खोलीत, आईकडून मुलाकडे, प्रार्थना पोहोचवल्या होत्या. आपल्याकडे चर्च उभी होती तरी आपण आपला संत विसरलो. त्यांच्याकडे चर्च नव्हती तरी त्यांनी आपला देव जपला. ही तुलना कोणाला कमी लेखण्यासाठी नव्हे. श्रद्धा दगडी भिंतींत टिकते की घरातल्या भाषेत, याचे उत्तर या दोन इतिहासांत आहे.

सण : तेथील आणि येथील

या सव्वीस जणांचे स्मरण ज्या त्या भूमीने आपापल्या रीतीने जपले आहे. मेक्सिकोच्या फेलिपे दे जेझूस या तरुणाविषयी तेथे एक आख्यायिका सांगतात. लहानपणी तो फार खोडकर होता. अंगणातील वाळलेल्या अंजिराला पालवी फुटेल तेव्हाच हा संत होईल, असे घरची दासी म्हणे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्या झाडाला खरोखरच पालवी फुटली, अशी तेथील भाविकांची श्रद्धा आहे. नागासाकीत दरवर्षी फेब्रुवारीच्या आरंभी निशिझाका टेकडीवर उघड्या आकाशाखाली मिस्सा होते. १९६२ साली तेथे स्मारक उभारण्यात आले. शिल्पकार फुनाकोशी यांनी त्यात सव्वीसही जणांच्या मूर्ती एका रांगेत घडवल्या आहेत. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली त्या रांगेपुढे प्रार्थना केली. त्या रांगेत वसईही उभी आहे.

आपल्याकडे संतपदानंतर ही भक्ती पुन्हा जागी झाली. वसईतील गास गावाचे चर्च संत गोन्सालोंच्या नावाने आहे, वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. किल्ल्यातील जुन्या जेझुइट चर्चला आज लोक त्यांच्याच नावाने ओळखतात आणि सणानिमित्त भाविक तेथे जमतात. नोव्हेनाचे नऊ दिवस, मग सणाची गायन मिस्सा, मिरवणूक, बँड, लाल लुगडी नेसलेल्या वृद्ध स्त्रिया, लेकीसुनांची ये-जा, घरोघरी पाहुण्यांची पंगत, हे चित्र आपल्या ओळखीचे आहे. ज्या भिंतींआड एका मुलाने अक्षरे गिरवली, त्या भिंतींपाशी उभे राहून त्याची मध्यस्थी मागण्यात विलक्षण सार्थकता आहे.

सणाच्या दिवशी आपण काय मागतो? नोकरी, आरोग्य, मुलांचे शिक्षण, परदेशी असलेल्यांचे क्षेम. हे सारे मागावेच. मात्र या संताकडे मागण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आपली उपासना मराठीत आली. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. या भूमीतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी २०२० साली उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. ख्रिस्ती माणसाचे मराठी आता कोणाला परके वाटत नाही. पण त्याच वेळी आपल्या घरांत काय घडत आहे? आजी सामवेदीत किंवा वाडवळीत रोझरी म्हणते, आई मराठीत उत्तर देते आणि नातवाला इंग्रजीखेरीज प्रार्थना येत नाही. एका खोलीत तीन पिढ्या गुडघे टेकतात आणि त्यांच्यात दुभाषी कोणी नसतो.

इंग्रजी शिकू नये असे कोण म्हणेल? संत गोन्सालोंचे चरित्र तर परभाषेच्या अभ्यासाचा गौरवच आहे. परंतु परभाषा त्यांना दुसऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठी हवी होती, आपल्या माणसांपासून दूर जाण्यासाठी नव्हे. म्हणून यंदा नोव्हेनाच्या नऊ संध्याकाळी प्रत्येक घरात एक लहानशी गोष्ट करून पाहावी. आजीने आपल्या बोलीतील प्रभूची प्रार्थना नातवाला शिकवावी, आणि नातवाने आपल्या पाठ्यपुस्तकातील एखादा धडा आजीला तिच्या बोलीत समजावून सांगावा. हे दोघे एकमेकांचे दुभाषी होतील. चर्चच्या वेदीवरील फुलांच्या माळा सणानंतर दोन दिवसांत सुकतात. आजीच्या तोंडून मुलाच्या तोंडी गेलेली प्रार्थना किती दूर जाते, हे वसईच्या एका मुलाने नागासाकीच्या टेकडीवर मोठ्या आवाजात सांगून ठेवले आहे.